वाढलेली अश्वशक्ती कागदावरची



टोयोटा जीटी ८६ला नवा एअर फिल्टर आणि सायलेन्सर बसवून चाकांवर सात अश्वशक्ती वाढल्याचा दावा गेल्या अंकातील पत्रात वाचला. तो मला मान्य नाही. आधीची आणि नंतरची चाचणी वेगवेगळ्या डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) झाली, असे पत्रलेखकच सांगतात. मग तुलना कशाची?

डायनो हवामानानुसार आकडा सुधारून देतो. जुन्या ‘एसटीडी’ पद्धतीत हवेचे तापमान सुमारे १५.५ अंश धरतात, ‘एसएई जे१३४९’मध्ये २५ अंश. हवेच्या दाबाचे गृहीतकही वेगळे. त्यामुळे एकाच धावेचा आकडा जुन्या पद्धतीत सुमारे ४ टक्के फुगतो. चाकांवर १७०च्या आसपास भरणाऱ्या या गाडीत ते जवळपास सात होतात, एकही नट न फिरवता!

खरे मोजायचे तर डायनो तोच, दिवस तोच, गिअर आणि टायरमधली हवा तीच हवी. तेल सारखेच तापलेले हवे. तीन-तीन धावा घ्याव्यात, मग जुना भाग परत बसवून पुन्हा मोजावे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात.

शिवाय नुसता कमाल आकडा काय कामाचा? या इंजिनाचा टॉर्क ४००० आरपीएमच्या आसपास खचतो. चांगल्या हेडरने (एक्झॉस्ट मॅनिफोल्डने) आणि ट्यूनिंगने तो खड्डा भरला तर चालवताना लगेच जाणवते.

पत्रलेखकांनी दोन्ही चाचण्यांचे पूर्ण आलेख, सुधारणेच्या पद्धतीसह, छापायला द्यावेत, ही विनंती.

— एक वाचक, पुणे