जपानी, व्हाया इंग्रजी

पुण्यात जपानीचे क्लास उदंड झालेत. मीही घरी चार मुलांना जपानी शिकवते, त्यामुळे क्लास सोडून आलेली मुलं आणि त्यांच्या वह्या माझ्यापर्यंत पोचतात. वही उघडली की अंगाचा तिळपापड होतो. पहिल्या पानापासून सगळा कारभार इंग्रजी अक्षरांत. पोरगं घरी मराठी बोलणार, शिकायची जपानी, आणि मध्ये दलाल म्हणून इंग्रजी!

हिरागाना या जपानी लिपीचा तक्ता एकदा मोठ्यानं वाचा. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही चाल ओळखीची वाटत नसेल तर बालवाडीची फी परत मागा. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचा वर्णविचार जपानात पोचला आणि त्याच्याच वळणावर हा तक्ता लागला. मग 'ना'नंतर 'पा'च्या जागी 'हा' कुठून टपकला? त्या ओळीचा जुना उच्चार 'पा' होता. पाच मिनिटांत सांगून होतं. पण नाही, रंगीत कार्डं विकत घ्या आणि घोका!

पुढची गंमत वाक्याची. 'वाताशी वा निहोंगो ओ बेन्क्यो शिमास': मी जपानीचा अभ्यास करते. कर्ता पुढे, क्रियापद शेवटी. 'बेन्क्यो' म्हणजे अभ्यास, 'शिमास' म्हणजे करते, जोडक्रियापदसुद्धा आपल्यासारखंच. 'तनाका-सान नो होन' म्हणजे तनाकांचं पुस्तक. 'नो' थेट आपल्या 'चं'च्या जागेवर बसलाय. 'वा' तेवढा जरा समजावून द्यावा लागतो. आता क्लासातली रीत बघा: आधी वाक्य इंग्रजीत मांडायचं, मग क्रियापद उचलून शेवटी टाकायचं, मग प्रिपोझिशन शब्दामागे ढकलायचं. असला द्राविडी प्राणायाम करून मुलं दमतात, आणि वर बोल लावतात जपानीला!

यावर क्लासवाल्यांचं उत्तर ठरलेलं: वर्गात अमराठी मुलंही असतात. असतात ना! हिंदी, कन्नड, तमिळ बोलणारी. त्यांचंही क्रियापद शेवटीच येतं हो. खरं कारण वेगळं आहे. इंग्रजीतून शिकवलं की फी वाढवता येते आणि पालकांना काहीतरी भारी चाललंय असं वाटतं.

मराठी आली की जपानी फुकटात येते, असं मी म्हणत नाही. रोजच्या वापराच्या कांजींची, म्हणजे चिनी वळणाच्या लिपीचिन्हांची, सरकारी यादीच 2136 चिन्हांची आहे. तिथे घाम गाळावाच लागतो. म्हणूनच तो घाम व्याकरणात वाया घालवू नये. आणि जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेच्या प्रमाणपत्राचा फार तोरा नको. त्या परीक्षेत बोलायचा पेपरच नाही. तोंड न उघडता पास होता येतं.

फी भरण्याआधी एक तास वर्गात बसून पाहा. जपानी वाक्य समजावताना शिक्षकांनी फळ्यावर आधी इंग्रजी वाक्य लिहिलं, तर सरळ चपला घालून बाहेर पडा.