जुनी गाडी, नवा पोरगा

‘जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स कशाला हवा?’ हे वाक्य या आठवड्यात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की मांडव्याच्या रस्त्यावर लिहायचं ठरलं होतं, ते मागे पडलं.

निमित्त माझ्या भाच्याचं. वय एकवीस, घर रेवदंड्याला, नोकरी अलिबागला. सुटायला रात्र होते आणि त्या वेळी एसटीचा भरवसा नाही, हे या सदरात मी वारंवार लिहिलं आहे. पोराने साठवलेल्या पगारातून 2012 सालची अल्टो घेतली. मला त्याचा अभिमान वाटला. पण विम्याची चौकशी करून आला तो चेहरा पाडूनच. “मामा, एजंट म्हणतो, चालवणारा पोरगा आणि गाडी म्हातारी, हप्ता डबल लागेल. त्यापेक्षा नुसतं थर्ड पार्टी करून टाक.”

एका वाक्यात दोन चुकीच्या गोष्टी. थर्ड पार्टीचा दर आपल्याकडे कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, आणि तो इंजिनावर ठरतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारीला 1000 सीसीपर्यंत 2094 रुपये, 1500 सीसीपर्यंत 3416, त्यापुढे 7897. वर 18 टक्के जीएसटी. चालकाच्या वयाचा त्यात रकानाच नाही. अल्टोचं इंजिन 796 सीसीचं, म्हणजे कर भरून अडीच हजारांच्या आत काम होतं. जुनी सँट्रो 1086 सीसीची. ती घेतली असती तर तो वरच्या गटात गेला असता. जुनी गाडी बघणाऱ्या मुलांनी रंगाआधी हा आकडा बघावा. विम्याशिवाय पकडलं गेलं तर पहिल्यांदा दोन हजार, पुन्हा सापडलात तर चार हजार दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

इंग्लंडमध्ये विशीतल्या चालकाचा हप्ता खरोखरच कंबरडं मोडतो. तिथे कंपन्या वय बघूनच दर लावतात. तिथली गोष्ट इथल्या पोरांना सांगून घाबरवायचं कारण नाही.

मला राग आला तो ‘नुसतं थर्ड पार्टी’ या सल्ल्याचा. गाडी जुनी, तिची किंमत कमी, म्हणून हप्ता कमी, म्हणून कमिशनही कमी. वर विमा खंडित झालेला असेल तर पाहणी करायला माणूस पाठवा, फोटो काढा. एवढी दगदग एजंटला नको असते. म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या शेकडो जुन्या गाड्या अर्ध्या विम्यावर फिरतात. आणि हा किनारा कोणता? 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं तो. माडा-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली आणि अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांवर झाडं पडली. पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, महाडमध्ये सावित्रीचं पाणी बाजारपेठेत घुसलं. थर्ड पार्टी विमा म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीची भरपाई. आपल्या गाडीवर माड कोसळला तर त्यातून एक रुपया मिळत नाही. वादळ, पूर, दरड, आग, चोरी हे सगळं ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात येतं, आणि आपल्या पोरांना नेमकं तेच नको म्हणून सांगितलं जातं.

ओन डॅमेजचा दर मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा. चार ठिकाणी विचारायचं ते इथे. थर्ड पार्टीसाठी दारोदार फिरून काही उपयोग नाही, तो सगळीकडे सारखाच. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, कंपनी आणि मालक यांनी मिळून ठरवायची असते. एजंटने लिहिलेला आकडा निमूट मान्य करू नये. गाडी पूर्ण बाद झाली किंवा चोरीला गेली तर हातात येणारी रक्कम त्याच आकड्यावर ठरते. दुरुस्तीचं म्हणाल तर जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घट न कापणारा विमा, सहसा मिळत नाही. प्लास्टिक आणि रबराच्या सुट्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, दहा वर्षांपुढे पत्र्याचेही निम्मेच. काचेला मात्र घट नाही. खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या पत्र्याला कोणीच काही देत नाही. हे सगळं धरूनही मी भाच्याला म्हटलं, घे. पुन्हा गाडी घ्यायला दुसरा साठवलेला पगार तुझ्याकडे नाही. आणि पुराचं पाणी गाडीत शिरलं तर चावी फिरवू नकोस. पाण्यात सुरू करून इंजिन बसलं तर कंपनी तो दोष तुझ्यावर टाकते.

मूळ मालकाने ‘विमा डिसेंबरपर्यंत आहे’ असं सांगून कागद दिला होता. गाडी विकली की थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्यानेच नव्या मालकाकडे जातं, ओन डॅमेजचं तसं नाही. चौदा दिवसांत अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. नो क्लेम बोनसही, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, “हप्त्याचं टेन्शन नाही मामा. शनिवार-रविवार मांडव्याला दोन भाडी मारली की सुटतो.”

इथे मी विमा विसरलो. मांडव्याच्या धक्क्यावर लाँच किंवा रो-रो बोटीतून उतरणारे पर्यटक, धक्क्याबाहेर उभ्या पांढऱ्या पाटीच्या जुन्या गाड्या, किहीम-नागावपर्यंत ठरवून घेतलेले पैसे. आपल्या गावातली किती पोरं हे करतात, ते आपण सगळे जाणतो. खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. अपघात झाला तर कंपनी हात वर करते आणि मागे बसलेल्या जखमी कुटुंबाची भरपाई त्या पोराच्या डोक्यावर येते. पंचविशीच्या आत आयुष्यभराचं देणं. ती भरपाई न्यायाधिकरणाने ठरवलेली असते, तिला दोन-चार हजारांची मर्यादा नसते.

पोरांना चोर ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. पर्यटन यायला हवं म्हणून सगळे बोलतात, धक्के बांधले, बोटी आल्या, आणि धक्क्यावरून घरापर्यंत माणसं पोचवायचं काम गावातल्या पोरांनी बेकायदा करायचं? पिवळी पाटी, परमिट, फिटनेस, व्यावसायिक विमा हा खर्च महिन्यातले चार-सहा दिवस भाडी मारणाऱ्याला झेपत नाही. हंगामी, तालुक्यापुरतं, स्वस्त परमिट आणि त्याच दिवसांपुरता विमा अशी सोय हवी. 2022 च्या जुलैत विमा नियामकाने गाडी जेवढी चालेल तेवढाच हप्ता अशी जोड पॉलिसीला द्यायला परवानगी दिली; किलोमीटर मोजता येतात तर शनिवार-रविवारही मोजता येतील. अलिबाग-मुरूडच्या लोकप्रतिनिधींनी आणि पेणच्या परिवहन कार्यालयाने एकत्र बसून हे मागायला हवं, येत्या हंगामाच्या आत.

भाच्याने तूर्त भाडी मारणार नाही असं कबूल केलं आहे. “पण बाकीचे थांबणार नाहीत, मामा,” एवढं तो म्हणाला.