थंडीचे दिवस, व्हॅन आणि जुने टायर

डिसेंबर-जानेवारीत सकाळी सात वाजता फूलबागेजवळून येताना पुढची टेम्पो दहा पावलांवर आल्याशिवाय दिसत नाही. त्याच धुक्यातून लष्कर, पडाव, शिंदे की छावणी या भागांतून मुलांना घेऊन व्हॅन शाळेत येतात. सध्या पालकांमध्ये एका विषयावर बरीच चर्चा चालू आहे. व्हॅनवाले काका नव्याच्या निम्म्या किमतीत मिळणारे वापरलेले टायर बसवतात, ते चालवून घ्यावेत की नाही? शाळेच्या या पत्रकातून आम्ही आमचे मत मांडत आहोत.

वापरलेला टायर सरसकट वाईट असतो, असे आम्ही म्हणणार नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात २००८ पासून हिवाळ्यात विंटर टायर लावणे कायद्याने सक्तीचे आहे. तिथे राहायला गेलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना पहिल्याच हिवाळ्यात चार जादा टायरांचा खर्च अंगावर येतो, आणि मग जुने घ्यावेत का हा प्रश्न त्यांनाही पडतो. या टायरांचे रबर ७ अंशांखालीही मऊ राहते आणि बाजूवर डोंगर व हिमकणाचे चित्र असते. तिथले जाणकार दोनच गोष्टी पाहायला सांगतात : टायर किती वर्षांचा आहे आणि खाचा किती खोल उरल्या आहेत. बर्फासाठी निदान ४ मिलिमीटर तरी हव्यात.

आपल्याकडे बर्फ नाही. पहाटे पारा ४-५ अंशांवर उतरला तरी दुपारी वीसच्या वर जातो आणि मे महिन्यात पंचेचाळीस ओलांडतो. विंटर टायर ग्वाल्हेरच्या उन्हात लवकर झिजून जाईल, तेव्हा तो विचार सोडून द्यावा. पण वय आणि खाचा हे दोन प्रश्न इथेही तेच आहेत, किंबहुना जास्त टोकदार, कारण उन्हाने रबर लवकर वाळते. न वापरता दुकानात पडून राहिलेला टायरही म्हातारा होतोच.

विद्यार्थी मित्रांनो, टायरचे वय तुम्हीही वाचू शकता. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. ३४१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३४ व्या आठवड्यात तयार झाला. अनेक कंपन्या पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर वापरूच नका, असे सांगतात. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की खोली १.६ मिलिमीटर उरली असे समजावे. कारसाठी आपल्या कायद्याची किमान मर्यादा तेवढीच आहे.

आता अडचण अशी की जुन्या टायरच्या बाजारात डोळ्यांना फसवणे सोपे असते. गुळगुळीत झालेल्या टायरला पुन्हा खाचा कापतात, वरून काळे पॉलिश मारतात, की टायर नव्यासारखा चमकतो. आतले थर मात्र पातळ झालेले असतात. याला रिमोल्डिंग म्हणू नये. रीतसर पुनःस्तरण ही वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या एस. टी. महामंडळाने त्यासाठी स्वतःचे कारखाने उभारले. पण तिथे कोणता टायर किती चालला याची नोंद असते. हातगाडीशेजारी रचलेल्या टायराचा पूर्वेतिहास कोण सांगणार?

म्हणून आमचे स्पष्ट मत असे : स्वतःच्या गाडीला कोणी पारखून जुना टायर घेतला तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. परक्यांची मुले नेणाऱ्या व्हॅनला तो नको.

यात व्हॅनवाल्या काकांना दोष देणे आम्हाला योग्य वाटत नाही. दर महिन्याला पन्नास रुपये कमी करा म्हणून त्यांच्याशी घासाघीस करणारे आपणच. हिशेब मांडून पाहा. नवा टायर तीन हजारांचा आणि तीन वर्षे टिकणारा धरला, तर चार टायरांचे बारा हजार, म्हणजे वर्षाला चार हजार. जुने निम्म्या किमतीत मिळाले आणि वर्षभरच टिकले, तर वर्षाला सहा हजार. जुनेच महाग पडतात. तरीही काका जुने घेतात, कारण बारा हजार रुपये एकदम हातात नसतात. (ग्वाल्हेरच्या मेळ्यात रोड टॅक्सची सवलत मिळाली की नवी गाडी घ्यायला आपण रांग लावतो, टायरवर मात्र अशी सवलत नाही!)

यावर मार्ग आहे. एका व्हॅनमधल्या दहा मुलांच्या पालकांनी प्रत्येकी बाराशे रुपये आगाऊ द्यावेत आणि ते पुढच्या महिन्यांच्या भाड्यातून वळते करून घ्यावेत. विश्वस्त मंडळाने व्हॅनला परवानगी देताना चारही टायरांच्या (आणि स्टेपनीच्याही) तारखा नोंदवहीत लिहून घ्याव्यात. थंडीत हवेचा दाबही कमी होतो, साधारण पाच-सहा अंशांमागे एक पौंड. दुपारी भरलेली हवा पहाटे तीन पौंडांनी उतरलेली असू शकते. तेव्हा दर सोमवारी सकाळी, गाडी फार चालण्याआधी, हवा तपासायची सवय ठेवावी. आठवी-नववीच्या मुलांना प्रेशर गेज वापरायला शिकवले तर भौतिकशास्त्राचा एक तासही त्यात होऊन जाईल.