कॅराव्हॅन येऊ द्या, पण वीज किती देणार?

राज्याने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, चांगलंच केलं. पण मंडळी, पार्कात नुसती ‘वीज उपलब्ध’ ही पाटी पुरत नाही. १६ अँपिअरचा पॉइंट म्हणजे जेमतेम ३,६०० वॅट. एक टनाचा एसी हजार-बाराशे खातो. त्यात गीझर २,०००, इंडक्शन तेवढंच, एमसीबी पडणारच! मग कुणीतरी थेट वायर जोडतो आणि आगीला आमंत्रण देतो.

पार्क गावाच्याच ट्रान्सफॉर्मरवर असेल, तर पाहुण्यांच्या एसीपायी मे महिन्यात गावचे पंखे मंदावणार. हे का सोसायचं?

प्रत्येक गाडीला वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग, अँपिअरची पाटी. परवानगी देतानाच बंधनकारक करा. आणि पर्यटकांनो, एसी २४वर ठेवा, गीझर लावताना तो बंद करा.