किल्ली तुमची, पण कुलूप चोराचं: ॲमेझॉन एक जुनी सोय बंद का करतंय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने आपल्या क्लाउड ग्राहकांना एक आगाऊ सूचना दिली. त्यांच्या 'एस-थ्री' या स्टोरेज सेवेत 'एसएसई-सी' नावाची एक सोय आहे. एप्रिल २०२६ पासून नव्या बकेटमध्ये ही सोय मुळातच बंद असेल. ज्याला ती हवी असेल, त्याने मुद्दाम चालू करून घ्यायची.

बातमी रुक्ष वाटते, म्हणून फारशी चर्चा झाली नाही. पण ही सोय होती तरी काय? 'डेटा तुमचा, तर किल्लीही तुमचीच ठेवा.' म्हणजे ग्राहकाच्या हातात सगळी सत्ता. मग अशी सोय मागे का घ्यावी लागली?

आधी बकेट म्हणजे काय ते बघू

तुम्ही एखाद्या ॲपवर फोटो टाकता किंवा बिलाची पीडीएफ उतरवता, तेव्हा ती फाइल कुठल्या तरी क्लाउड स्टोरेजमध्ये पडलेली असते. एस-थ्री ही अशीच सेवा, २००६ पासून चालू असलेली. फाइलला तिथे 'ऑब्जेक्ट' म्हणतात आणि त्या ठेवायच्या जागेला 'बकेट'.

या फाइल एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून ठेवल्या जातात. प्रश्न एवढाच की किल्ली कोणाकडे?

पहिला प्रकार: किल्ली कंपनीच सांभाळते. जानेवारी २०२३ पासून एस-थ्रीवर येणारी प्रत्येक नवी फाइल किमान अशी तरी कुलूपबंद होतेच. दुसरा: किल्ली कंपनीच्या 'केएमएस' या तिजोरीत राहते, पण ती कोणी वापरायची हे तुम्ही ठरवता. तिसरा म्हणजे आपला एसएसई-सी: २५६ बिटची किल्ली तुम्ही स्वतः तयार करता आणि फाइल ठेवताना किंवा काढताना दर वेळी सोबत पाठवता. ॲमेझॉनचा सर्व्हर त्या किल्लीने कुलूप लावतो आणि किल्ली विसरून जातो. स्वतःकडे ठेवतो फक्त तिचा एक गणिती ठसा, पुढच्या वेळी तीच किल्ली आली का हे तपासण्यापुरता. ठशावरून किल्ली परत बनवता येत नाही. गूगल क्लाउडमध्येही अशीच सोय आहे.

आता मुख्य मुद्दा. ही किल्ली हरवली तर फाइल गेली. कस्टमर केअरला कितीही फोन करा, त्यांच्याकडे ती नाहीच.

जानेवारी २०२५: चोर स्वतःचं कुलूप घेऊन आला

हॅल्सियन या सायबर सुरक्षा कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये 'कोडफिंगर' नावाने एका हल्ल्याची माहिती जाहीर केली. यात ॲमेझॉनची यंत्रणा कोणी फोडली नव्हती. हल्लेखोरांच्या हाती लागल्या होत्या कंपन्यांच्या 'ॲक्सेस की'.

इथे दोन किल्ल्यांत गल्लत करू नका. ॲक्सेस की म्हणजे घरात शिरायची परवानगी. लॉगिन-पासवर्डसारखी, पण प्रोग्रॅमसाठी. एन्क्रिप्शनची किल्ली म्हणजे घरातल्या कपाटाची. पहिली चोरीला गेली, आणि चोरांनी दुसरी स्वतःची बनवली.

आत शिरून त्यांनी बकेटमधल्या फाइल वाचल्या आणि एसएसई-सी वापरून, स्वतःच्या किल्लीने, पुन्हा लिहिल्या. वर सात दिवसांत फाइल आपोआप डिलीट होतील असा नियम लावून ठेवला आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली.

'चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या' ही म्हण आपल्याला माहीत आहे. इथे चोराने जामदारखान्याला स्वतःचंच कुलूप ठोकलं! आणि ते ॲमेझॉनलाही उघडता येईना. नोंदींमध्ये त्या किल्लीचा फक्त ठसा उरला होता. अंदाजाने किल्ली शोधायची म्हटलं, तर २५६ बिटमध्ये शक्यता किती? ७८ अंकी संख्येइतक्या. नाद सोडा.

मला यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट वेगळीच वाटते. फाइल कुलूपबंद करायला चोरांना फक्त फाइल वाचायची आणि लिहायची परवानगी पुरली. ही परवानगी तर कुठल्याही साध्या ॲपला दिलेली असते.

मग निर्णय बरोबर की चूक?

माझं मत: बरोबर. किल्ली ग्राहकाकडे असणं वाईट आहे म्हणून नव्हे. काही संस्थांना ती खरोखरच स्वतःकडे हवी असते, आणि त्यांना ही सोय पुढेही चालू करता येईल. पण जी गोष्ट तुम्ही कधी वापरतच नाही, ती तुमच्या नावावर उघडी असेल तर तिचा उपयोग चोरालाच.

दुसरं कारण म्हणजे उसंत. केएमएसमधली किल्ली डिलीट करायची ठरवली, तरी ती लगेच जात नाही. कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ३० दिवस थांबावं लागतं. चूक किंवा घातपात लक्षात यायला तेवढा वेळ मिळतो. एसएसई-सीमध्ये ही उसंत नाही. किल्ली गेली की त्याच क्षणी खेळ खलास.

पण या निर्णयाने सगळं सुरक्षित झालं असं समजू नका. मूळ भोक ॲक्सेस कीचं आहे, आणि ते बुजवणं आपल्याच हातात.

तुम्ही काय कराल?

कोडिंग शिकत असाल तर:

- ॲक्सेस की कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकू नका. सार्वजनिक कोडमध्ये अशा किल्ल्या शोधत फिरणारे बॉट असतात.
- शक्य तिथे कायमच्या कीऐवजी थोड्या वेळाने आपोआप बाद होणारी परवानगी वापरा.
- बकेटचं व्हर्जनिंग चालू ठेवा. फाइलवर कोणी नवी फाइल लिहिली तरी जुनी प्रत राहते. मात्र ती प्रत डिलीट करायची परवानगी सरसकट देऊ नका.

कोडिंगशी संबंध नसेल, तरी हा प्रश्न तुमच्या खिशात आहे. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावता येतं. त्यासाठी पासवर्ड निवडा किंवा ६४ अक्षरांची किल्ली घ्या. आता पास-कीचाही पर्याय येतोय. मग तो बॅकअप ना गूगल वाचू शकत, ना व्हॉट्सॲप. पण फोन हरवला आणि पासवर्डही आठवत नसेल, तर तुम्हीसुद्धा नाही. 'फरगॉट पासवर्ड' दाबून तो बॅकअप उघडत नाही.

म्हणून हे चालू करूच नका, असं मी म्हणणार नाही. जरूर करा. फक्त त्याआधी ठरवा की किल्ली कुठे ठेवणार. त्याच फोनच्या नोट्समध्ये ठेवलीत तर फोनसोबत तीही जाईल. पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, नाहीतर सरळ कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवा.

किल्ली कंपनीकडे असेल तर विश्वास कंपनीवर ठेवावा लागतो. किल्ली स्वतःकडे असेल तर तो स्वतःच्या शिस्तीवर ठेवावा लागतो. आपल्याला यातलं काय झेपेल, हे सेटिंग चालू करायच्या आधी ठरवा.