विनामूल्य साधनाचे मूल्य

ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची असमाधानकारक मुद्रिते पाहून डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये अक्षरजुळणीसाठी ‘टेक’ ही संगणकप्रणाली रचावयास घेतली आणि पुढे ती सर्वांस विनामूल्य दिली. तिच्याच आधारे फ्रान्स वेल्थुईस यांनी १९९१ मध्ये देवनागरीची सोय केली. या औदार्याचा गौरव करताना एक गोष्ट विसरली जाते : कनूथ यांना स्टॅनफर्ड विद्यापीठाचे वेतन होते. ग्रंथातील चूक प्रथम दाखविणाऱ्यासही ते २.५६ डॉलर देत. रक्कम अल्प, पण श्रमाची नोंद स्पष्ट. आज्ञावली एकदा लिहून संपत नाही. तिची निगा अखंड राखावी लागते. ज्या विद्यापीठांचे भाषाभ्यास अशा साधनांवर उभे आहेत, त्यांनी निगा राखणाऱ्यास वेतन द्यावे. प्रस्तावनेतील ऋणनिर्देशाने ते ऋण फिटत नाही.