कायद्याच्या उंबरठ्यावरील असत्य

दिवसा नोकरी करून कायद्याचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्या पदवीधरास आपल्या देशांत प्रामाणिक मार्ग शिल्लक राहिलेला नाहीं, हें आमचें म्हणणें कांहीं विद्वानांस अतिशयोक्तीचें वाटेल. त्यांनीं बार कौन्सिल ऑफ इंडियाचे 2008 सालचे नियम एकवार डोळ्यांखालून घालावे. एलएल. बी.चे वर्ग अनिवासी महाविद्यालयांत सकाळीं 8 ते सायंकाळीं 7 याच वेळांत भरावे. आठवड्यास निदान 30 तास शिक्षण व्हावें. प्रत्येक विषयांत शेंकडा 70 हजेरी असावी. मौज अशी कीं, ग्रंथालय मात्र रात्रीं 10 पर्यंत उघडें ठेवण्यास याच नियमांची अनुज्ञा आहे. म्हणजे ग्रंथांनीं दहापर्यंत जागावें, पण अध्यापकानें सातला तोंड मिटावें!

याचा परिणाम काय झाला, तो सर्वांस ठाऊक आहे. बँकेंतला कारकून, शाळेंतला शिक्षक, नगरपालिकेंतला लेखनिक तिशी ओलांडल्यावर कायदा शिकावयास निघतो. कोणास बढती हवी असते, कोणास चाकरी सोडून स्वतंत्र धंदा करावयाचा असतो, कोणाच्या घरीं वडिलार्जित जमिनीचा दावा पिढीभर कुजत पडलेला असतो. त्याच्या पगारावर चार माणसें जेवतात, म्हणून नोकरी सोडणें शक्य नसतें. मग तो फी भरतो, दिवसा कचेरींत बसतो, आणि त्याची हजेरी वर्गांत कशी तरी लागते. अशी हजेरी लावून देणारीं महाविद्यालयें आहेत, हें गुपित राहिलेलें नाहीं. उद्यां साक्षीदारास शपथेची आठवण करून देणारा हा गृहस्थ आपल्या विद्येचा श्रीगणेशाच खोट्या सहीनें करतो. त्याची गय करण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु ज्या नियमानें खरें बोलणाऱ्यास दार लावलें व खोटें बोलणाऱ्यास खिडकी उघडी ठेवली, त्या नियमाची तरी गय कां करावी?

2024 च्या सप्टेंबरांत कौन्सिलानें यावर परिपत्रक काढलें. ना-हरकत पत्राशिवाय आपण नोकरी करीत नाहीं असें विद्यार्थ्यानें जाहीर करावें, हजेरी बोटांच्या ठशासारख्या यांत्रिक साधनांनीं घ्यावी, वर्गांत कॅमेरे बसवावे, असे हुकूम सुटले. वैद्यानें रोग ओळखला, पण औषधाऐवजीं पहारेकरी धाडला.

थकलेला मेंदू कायदा काय शिकणार, असा एक आक्षेप असतो. भारतरत्न पां. वा. काणे यांनीं सरकारी हायस्कुलांत मास्तरकी करीत असतांना कायद्याच्या परीक्षा दिल्या व 1911 साली मुंबईस वकिली आरंभिली. त्या थकलेल्या मेंदूनें पुढें धर्मशास्त्राचा पांच खंडांचा इतिहास लिहिला. वॉरन बर्गर दिवसा विमा विकून सेंट पॉल येथील रात्रीच्या विधिविद्यालयांत शिकले, 1931 साली पदवीधर झाले, आणि 1969 ते 1986 पर्यंत अमेरिकेचे सरन्यायाधीश होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सायंकाळचे वर्ग म्हणजे अर्धवट वकिलांचे कारखाने होतील, अशी भीति घातली जाते. तास कमी केले तर ती खरी ठरेल. आमची मागणी एकहि तास कमी न करतां ते अधिक वर्षांवर पसरावे अशी आहे. सहा सत्रें, प्रत्येक सत्राचे 15 आठवडे, आठवड्यास 30 तास, मिळून 2700 तास होतात. सायंकाळीं 7 ते 10 असे सहा दिवस वर्ग भरविल्यास आठवड्यास 18 तास पडतात. म्हणजे 150 आठवडे लागतात. वर्षाचे 30 आठवडे धरल्यास पांच वर्षें. तीनऐवजीं पांच वर्षें घ्या, परीक्षा तीच ठेवा, हजेरी काटेकोर ठेवा. दिवसभर राबून पांच वर्षें ज्याची चिकाटी टिकली, त्यास अर्धवट म्हणण्याचें धाडस कोण करील?

2025 च्या नोव्हेंबरांत दिल्ली उच्च न्यायालयानें, हजेरी कमी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यास परीक्षेस बसण्यापासून अडवूं नये, असा निर्णय दिला. त्यांतील दयाबुद्धि आम्हांस मान्य आहे. पण परीक्षेचें दार उघडल्यानें वर्गाचें दार उघडत नाहीं. नोकरदारास सवलतीची भीक नको आहे. त्यास गुरुमुखानें शिकावयाचें आहे, आणि तें उजळ माथ्यानें शिकावयाचें आहे.

कौन्सिलास हें मान्य नसेल, तर त्यानें स्पष्टच लिहावें कीं, ज्याच्या घरास पदवीनंतर आणखी तीन वर्षें मुलास पोसतां येईल त्यानेंच वकील व्हावें. असा नियम लिहिण्याची लाज वाटत असेल, तर तो न लिहितां पाळण्याचीहि वाटली पाहिजे.